चौथा प्रश्न

ऋजुता आली तेव्हा मी संध्याकाळच्या डब्यांची कणीक मळत होते. मंगळवार होता, ऑक्टोबरचा शेवट. तिने मागच्या दाराच्या काचेवर नखानं टकटक केलं. मी कोपरानं कडी काढली.

"कामावर नाही गेलीस?"

"अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय, ताई. श्रीरंगला सांगू नका."

दोन बस बदलून आली होती. बुटांना ओली पानं चिकटली होती. ती दारातच बूट काढून अनवाणी आत आली आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

श्रीरंग माझा धाकटा भाऊ. घरात आम्ही त्याला रंगा म्हणतो. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मी न्यू जर्सीत आले, मग त्याला आणलं, आणि पाच वर्षांपूर्वी सांगलीची ही मुलगी मीच त्याच्यासाठी पाहिली होती. बी. एस्सी. झालेली, वडील हायस्कुलात मास्तर. लग्नानंतर पहिले सहा महिने दोघं माझ्याच घरी राहिले. मग रंगानं स्वतःचं घर घेतलं. ऋजुता एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली, पगार रंगाच्या खात्यात जमा होऊ लागला.

"मी घर सोडतेय," ती म्हणाली.

मी कणकेवर पाण्याचा हात फिरवला. "काय झालं आता?"

"आता काही नाही झालं. म्हणूनच निघतेय. काही झालं की मला भीती वाटते आणि मी थांबते."

रंगा कधी हात उचलत नसे. तो बोलणं बंद करी. ऑगस्टमध्ये त्यानं एकतीस दिवस तिच्याशी एक शब्द काढला नव्हता. काय हवं ते कागदावर लिहून फ्रिजला लावायचा. तिची आई गेली तेव्हा त्यानं तिकीट काढू दिलं नाही. आता जाऊन फक्त दिवसकार्य दिसेल, त्यासाठी एवढ्या महागड्या सीझनमध्ये कशाला, असं त्यानं तिला समजावलं. मला हे सगळं माहीत होतं. ती सांगायची ती मलाच सांगायची.

"जागा बघितलीय. हॉस्पिटलपासून चालत वीस मिनिटं. एकच खोली आहे, पण ऊन येतं. डिपॉझिटचे पैसे माझ्याकडे आहेत, ओव्हरटाइमचे साठवलेले. मॅनेजर बाई चांगली आहे. पण तिनं माझं क्रेडिट तपासलं आणि तिला काही दिसलंच नाही. म्हणाली, तुझी फाइल फ्रीझ केलेली आहे, ती उघड. उद्या पाचपर्यंत थांबते, मग दुसऱ्याला देते."

हे जरा सांगायला हवं. इथे तीन कंपन्या आहेत. कोणी कोणतं कार्ड काढलं, कोणी हप्ता चुकवला, याची प्रत्येक माणसाची नोंद त्या ठेवतात. घर भाड्यानं घ्या, गाडी घ्या, फोन घ्या, समोरचा आधी ती नोंद उघडून पाहतो. आपल्या नावावर कोणा भामट्यानं काही काढू नये म्हणून त्या नोंदीला कुलूप घालता येतं. मग ती कोणालाच दिसत नाही. कुलूप उघडायचं तर पिन लागतो, आणि त्या काळी तो टपालानं येई. एकदाच.

तीन वर्षांपूर्वी ऋजुताच्या नावावर कोणीतरी कार्ड काढून पैसे थकवले होते. रंगानं तिला तीन अर्जांवर सह्या करायला लावल्या आणि तिन्ही ठिकाणी कुलूप घातलं. तिच्या भल्यासाठी. तेव्हापासून तिनं स्वतःचा फोन घेऊ का म्हटलं, जुनी गाडी घेऊ का म्हटलं, की तो म्हणे, "तुझं फ्रीझ आहे, कशाला त्या भानगडीत पडतेस? माझ्या नावावर घेऊ." आणि घेत नसे.

"पिनची पत्रं या पत्त्यावर आली असतील, ताई," ऋजुता म्हणाली. "तेव्हा त्यांच्याकडे माझा हाच पत्ता होता. तीन पाकिटं. तुम्हाला आठवतंय?"

"टपाल आलं की मी रंगाला देऊन टाकायची."

"एखादं राहिलं असेल."

"बघू या," मी म्हटलं.

पाकिटं कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. आमचे हे गेले त्यांच्या हॉस्पिटलच्या कागदांची एक निळी फाइल होती. ती माझ्या पलंगाखालच्या खणात होती आणि पाकिटं तिच्या मधल्या कप्प्यात. तिन्ही.

मी हात धुतले आणि तिला घेऊन तळघरात उतरले. तिथला दिवा गेला होता, म्हणून तिनं टॉर्च धरला. एकेक खोकं मी उघडलं. गॅसची बिलं, टॅक्सचे कागद, यांचे जुने चष्मे. कागदन् कागद मी उलटा करून तिला दाखवत होते. तासभर आम्ही शोधलं. मध्ये तिच्या लग्नात काढलेला एक फोटो सापडला. तिनं तो टॉर्चच्या उजेडात बघितला आणि परत ठेवला.

"तुमची कंबर भरली असेल," ती म्हणाली. "चला वर. उगाच त्रास दिला तुम्हाला."

वर आल्यावर मी चहा टाकला. "माझ्याकडे राहा म्हटलं असतं," मी बोलून गेले.

"नको. तो पहिला इथेच येईल." मग तिनं पिशवीतून एक कागद काढला. मॅनेजर बाई ज्या कंपनीची नोंद बघते तिचा नंबर त्यावर होता. "लॅबमधली एकजण म्हणाली, पिन हरवला तर फोनवरूनही उघडतात. ओळख पटवावी लागते. इथून करू? घरून केला तर बिलावर नंबर दिसतो त्याला."

मी फोन तिच्यापुढे सरकवला. तिनं स्पीकर लावला, कारण पलीकडची बाई भरभर बोलत होती आणि एखादा शब्द सुटला तर मी ऐकलेला असावा अशी तिची इच्छा होती. मी समोर बसून पोळ्यांचे उंडे करत होते.

त्या बाईनं नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळखीचा, नंबर विचारला. मग सांगितलं की, तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री करायला चार प्रश्न विचारीन. प्रत्येकाला पर्याय देईन. एकही चुकलं तर तुम्हाला कागदपत्रं टपालानं पाठवावी लागतील, आणि त्याला काही आठवडे लागतील.

पहिला प्रश्न जुन्या पत्त्याचा होता. ऋजुतानं माझ्या घराचा नंबर सांगितला आणि माझ्याकडे बघून हसली. दुसरा, ती कुठे नोकरी करते याचा. तिसरा, रंगाच्या कुठल्या कार्डावर तिचं नाव जोडलेलं आहे याचा. तिला ते माहीत होतं. बरोबर.

चौथा आला. तुमच्या नावावर दोन हजार सातमध्ये एक खातं उघडलं गेलं. ते पुढीलपैकी कोणतं? एक, गालिच्यांच्या दुकानाचं कार्ड. दोन, फर्निचरच्या दुकानाचं. तीन, दातांच्या उपचारासाठीचं कार्ड. चार, यांपैकी कोणतंच नाही.

ऋजुतानं फोनवर हात दाबून धरला. ती पांढरी पडली होती.

"ताई, हे त्या चोराचं असणार. मी तर काहीच काढलं नव्हतं. श्रीरंगनं मला कधी सांगितलंच नाही ते कार्ड कसलं होतं. काय म्हणू?"

"मला गं काय माहीत."

"फर्निचर म्हणू? चोरानं फर्निचरच घेतलं असेल ना? गालिचे कशाला घेईल?"

पलीकडून बाई म्हणाली, मॅडम, उत्तर हवंय.

"ताई, सांगा ना काहीतरी."

मी उंडा पिठात बुडवला. "खरं असेल ते सांग. कार्ड काढलंच नाहीस, तर नाही म्हण. खोटं बोललीस आणि पकडली गेलीस तर आणखी घोळ."

तिनं मान हलवली आणि हात काढला. "यांपैकी कोणतंच नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग त्या बाईनं, तुमची ओळख पटू शकली नाही, क्षमस्व, असं सांगून टपालाचा पत्ता वाचायला सुरुवात केली. ऋजुता तो लिहून घेत होती. अक्षर नेहमीसारखं गोल, सुबक. पत्ता संपल्यावर तिनं त्या बाईचे आभारही मानले.

"मी मीच नाही म्हणतात," ती मला म्हणाली.

निघताना तिनं बूट घातले, दाराशी थांबली. "उद्या त्या मॅनेजर बाईच्या पाया पडून बघते. पण श्रीरंगला कळायला नको. तुम्ही नाही ना सांगणार?"

"वेडी आहेस का," मी म्हटलं, आणि तिच्या हातात भाजीचा एक डबा दिला.

ती बसस्टॉपवर पोचली असेल नसेल, मी रंगाला फोन लावला.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. कुठली जागा, किती वाजता, कोण बाई. "बरं केलंस सांगितलंस, ताई," म्हणाला.

पुढचं मला ऋजुतानं सांगितलं, बऱ्याच महिन्यांनी. मॅनेजर बाईनं घरी फोन केला असेल आणि त्याला तसं कळलं असेल, असं ती धरून चालली होती. त्या संध्याकाळी तो काही बोलला नाही. जेवला, बातम्या बघितल्या, झोपला. सकाळी ती तयार झाल्यावर गाडीची किल्ली घेऊन म्हणाला, "चल, तुला सोडतो." हॉस्पिटलचं वळण आलं, त्यानं गाडी सरळ पुढे नेली आणि त्या अपार्टमेंटच्या ऑफिससमोर थांबवली. उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. "जा, विचार. मी आहे बरोबर."

ती जागची हलेना, तेव्हा तो तिचा दंड धरून, अगदी हळुवार धरून, आत घेऊन गेला. मॅनेजर बाईला म्हणाला, माझ्या बायकोला काही विचारायचंय. मग बाजूच्या खुर्चीत बसून मासिक चाळू लागला. ऋजुताला विचारावं लागलं. त्या बाईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा हिच्याकडे, आणि फाइल उघडल्याशिवाय मला काही करता येणार नाही, असं तिसऱ्यांदा सांगितलं. येताना रंगानं कॉफीसाठी गाडी थांबवली. तिला आवडतो तसला गोड बन घेतला. तिचा बन संपेपर्यंत तो थांबून राहिला, आणि मग तिला कामावर सोडलं.

मी हे का केलं, तर भावासाठी केलं असं कोणालाही वाटेल. तेव्हा ऋजुतालाही कळलं असतं तर तिला तसंच वाटलं असतं.

ते तिसरं उत्तर बरोबर होतं. दातांचं कार्ड. ते मी काढलं होतं.

आमचे हे गेले त्यानंतरच्या वर्षाची गोष्ट. हॉस्पिटलच्या बिलांनी माझी पत पार बुडाली होती. बँका मला साधी जाहिरातही पाठवत नसत. खालच्या डाव्या बाजूच्या तीन दाढा सडल्या होत्या. चार महिने मी मऊ भात आणि ताक यांवर काढले, आणि रोज तीस माणसांना खुसखुशीत काहीबाही करून घालत होते. एक दिवस टपालात पाकीट आलं, ऋजुताच्या नावाचं. ती दोघं नुकतीच स्वतःच्या घरी गेली होती. तुमची निवड झाली आहे, दातांच्या उपचारासाठी हे कार्ड घ्या, आत अर्ज आहे. तिचा सोशल सिक्युरिटीचा नंबर माझ्या डायरीत होता, कारण ती या देशात आल्यावर त्या ऑफिसात मीच तिला घेऊन गेले होते. सही तेवढी शिकावी लागली. डब्यांच्या मेनूच्या कागदांमागे मी ती गिरवली. तिच्या सहीला शेवटी एक लांब शेपूट आहे, ते चार दिवसांत जमलं.

डॉक्टरांना सांगितलं, भावजयीनं दिलंय. तिथे कोणी हरकत घेतली नाही. तिचं कौतुक केलं त्यांनी.

पाच महिने मी हप्ते भरले. मग थंडीत डबे कमी झाले आणि मी ती पत्रं न उघडता ठेवून देऊ लागले. शेवटी वसुलीवाल्यांनी रंगाचा नंबर शोधून काढला.

तो एका रविवारी सकाळी आला. मी पोहे करू का विचारलं. तो समोर बसला आणि म्हणाला, "तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड, ताई."

मी उघडलं. त्यानं खिडकीच्या उजेडाकडे माझी हनुवटी वळवली आणि आत नीट बघितलं. लहानपणी त्याचे दुधाचे दात मी असेच बघायची. मग हनुवटी सोडली. "छान बसवलेत," म्हणाला.

त्यानं सगळं फेडलं. ऋजुताला सांगितलं, कोणी भामटा होता. मग त्या कुलपांचं काढलं. पिनची पत्रं आली तेव्हा ती घ्यायलाही आला नाही. "तुझ्याकडेच राहू देत," म्हणाला. "माझ्या घरात नकोत. मी सांगेन तेव्हाच बाहेर काढायची." कुठे ठेवते तेही विचारलं नाही. ऋजुता कधी निघायला लागली तर ती माझ्याकडेच येणार, आणि मी तिला काय सांगणार, हे त्याला माहीत होतं. तिची नोंद उघडली की दातांच्या कार्डापुढे माझा पत्ता होता.

त्या ऑक्टोबरनंतर ऋजुतानं कागदपत्रं टपालानं पाठवली. लायसन्सची प्रत, पगाराची पावती, विजेच्या बिलावर तिचं नाव नव्हतं म्हणून हॉस्पिटलचं एक पत्र. उत्तर माझ्या पत्त्यावर मागवलं, कारण तिच्या घरचं टपाल रंगा काढायचा. आठवड्यातून दोनदा ती लॅबमधून फोन करी.

"आलं का, ताई?"

"नाही गं."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाड पाकीट आलं. नवा पिन होता आणि सोबत तिची सगळी नोंद, तारखांसकट. दातांचं कार्ड दुसऱ्या पानावर होतं, पुढे माझ्या घराचा नंबर. मी ते आधी कात्रीनं कापलं, मग भिजवलं, लगदा केला आणि कचऱ्यात टाकला. दुपारी तिचा फोन आला.

"आलं का?"

"नाही गं बाई. मी रोज बघते."

"सणांच्या दिवसांत टपाल हरवतं म्हणे," ती म्हणाली.

जानेवारीत फोन कमी झाले. फेब्रुवारीत ती एकदा भेटायला आली, आणि तो विषय तिनं काढला नाही. मला वाटतं, तेव्हाच कधीतरी तिनं सोडून दिलं. मीही काढला नाही. पुढे रंगानं तिला आयुर्विम्याच्या कागदांवर सह्या करायला लावल्या, त्यावरही तिनं न वाचता सह्या केल्या. मी तिथेच बसले होते.

याला आता तेरा वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी माझी उजवी बाजू गेली. डबे बंद झाले, घर विकलं, आणि रंगानं मला आपल्याकडे आणलं. तळमजल्यावरची खोली दिली. तो येतो, दारातून विचारतो, जातो. सगळं ऋजुता करते. सकाळी लॅबला जायच्या आधी मला अंघोळ घालते, वेणी घालते. रात्री जेवण भरवते. तिचा हात हलका आहे. मला कूस बदलून देताना पुटपुटते, "दुखलं का, ताई?" आजवर एकदाही वैतागली नाही.

घर विकताना माझं सामान तिनंच आवरलं. निळी फाइल त्याच्या आधीच मी रंगाच्या हातून बाहेर काढवली होती. त्यानं ती काय केली ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी ती मला खिचडी भरवत होती. चमचा मध्येच थांबवून म्हणाली, "ताई, तुम्हाला एक गंमत सांगते. ते फ्रीझ होतं ना माझं, क्रेडिटचं? आता त्याला पिन लागत नाही म्हणे. कायदाच बदललाय, बरीच वर्षं झाली. फोनवर आपणच करायचं. कुलूप घालायचं, काढायचं, सगळं फुकट. लॅबमधल्या नव्या मुलीनं जेवणाच्या सुट्टीत मला दोन मिनिटांत दाखवलं."

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. डाव्या हातानं मी चादर धरली.

"मग?" मी म्हटलं. माझं बोलणं आता जड येतं, पण तिला कळतं. "उघडलंस?"

"नाही."

"का गं?"

तिनं माझ्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेलं तूप रुमालानं टिपलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं.

"सत्तेचाळीस वर्षांची झाले मी," ती म्हणाली. "आता उघडून कुठे जाऊ?"

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. मी तोंड उघडलं, आणि तिनं पुढचा घास दिला.